स्ट्रॉबेरीचे रोप विकावे, पण हंगाम सांगून

थंडी पडू लागली की मीरा रोड स्टेशनबाहेर आणि काशीमिऱ्याच्या नाक्यावर स्ट्रॉबेरीचे डबे घेऊन हातगाड्या उभ्या राहतात. त्याच सुमारास रोपवालेही येतात. काळ्या पिशवीतले रोप, त्याला दोन पांढरी फुले आणि एक लाल फळ. गिऱ्हाईक थांबते, मुले हट्ट धरतात आणि रोप घरी जाते. पुढे त्या रोपाचे काय होते, हे विकणाऱ्याला सहसा कळत नाही. कारण तोवर तो दुसऱ्या नाक्यावर गेलेला असतो.

घरच्या घरी वाफ्यात, कुंडीत किंवा उभ्या पाईपात स्ट्रॉबेरी लावून ती विकण्याचा धंदा आपल्या मीरा-भाईंदरमध्ये जमेल काय, असे काही वाचकांनी आम्हांस विचारले आहे. आमचे उत्तर सरळ आहे. फळाचा धंदा येथे जमणार नाही. रोपाचा, कुंडीचा आणि स्टँडचा जमेल. मात्र गिऱ्हाइकाला तीन गोष्टी आधी सांगितल्या तरच. त्या तीन गोष्टी म्हणजे हंगाम, पाणी आणि वजन. त्या का सांगाव्या लागतात, हे समजण्यासाठी आधी हे पीक मुळात कुठले, ते पाहू.

आज बाजारात मिळणारी मोठी स्ट्रॉबेरी हे निसर्गात आपोआप उगवलेले फळ नव्हे. दक्षिण अमेरिकेतील चिलीची मोठ्या फळाची जात फ्रेझिए नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने १७१४ साली फ्रान्सला नेली. तेथे उत्तर अमेरिकेतील दुसऱ्या जातीशी तिचा संकर झाला आणि आजच्या जातींचा वंश सुरू झाला. आपल्याकडे ही शेती रुजली ती महाबळेश्वर-पाचगणीच्या डोंगरावर. इंग्रजांनी महाबळेश्वरला थंड हवेचे ठिकाण केले, तेव्हा तेथील तुरुंगात चिनी कैदी ठेवले होते आणि त्यांच्याकडून भाजीपाल्याचे मळे पिकवून घेतले जात. त्या मळ्यांची परंपरा पुढे डोंगरावरच्या शेतकऱ्यांनी वाढवली. २०१० साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळाले. २०१७ साली ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून नावारूपास आलेले भिलार हेही मूळचे स्ट्रॉबेरीचेच गाव.

मानांकनाचा उल्लेख आम्ही व्यापाऱ्यांसाठी मुद्दाम केला. १९९९ च्या कायद्यानुसार दुसरीकडच्या फळावर महाबळेश्वरचे नाव लावून विकणे हा गुन्हा ठरतो. नाशिक जिल्ह्यात सुरगाणा, कळवण भागातही आता चांगली स्ट्रॉबेरी होते. तिला तिच्या गावाच्या नावाने विकण्यात कमीपणा कसला?

डोंगर आणि खाडी

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास उंच आहे. आपले शहर समुद्र आणि खाडी यांच्या मध्ये वसलेले, एकेकाळी मिठागरांसाठी ओळखले जाणारे. जानेवारीत येथे दुपारचे सरासरी तापमान ३१ अंशांच्या आसपास असते आणि पहाटे ते १७ पर्यंत उतरते. स्ट्रॉबेरीला दिवसा १५ ते २५ अंश मानवतात. फूल धरण्यासाठी तिला दिवस लहान लागतो आणि हवा गार लागते. दिवस लहान असण्याची अट आपल्याकडे हिवाळ्यात पुरी होते; हवेची अट अर्धीच होते. पारा ३० च्या वर राहू लागला की रोप नवी फुले धरणे सोडते आणि पाने व रनर, म्हणजे आडवे धावणारे देठ, तेवढे काढत बसते. रात्रीही उकाडा राहिला तर फळ लहान राहते आणि गोडी कमी भरते.

मग नाक्यावर विकल्या जाणाऱ्या रोपाला फळ कसे लागते? याचे कारण ते रोप कोठे वाढले यात आहे. स्ट्रॉबेरीची मातृरोपे परदेशातून येतात. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वाई व आजूबाजूच्या भागात त्यांच्या रनरपासून नवी रोपे तयार होतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ती शेतात लागतात आणि काही रोपे पिशवीत भरून शहरांकडे निघतात. थंड हवेत काही दिवस काढून आलेल्या रोपाच्या पोटात कळ्या आधीच धरलेल्या असतात. पहिला बहर हा त्या डोंगराच्या शिदोरीवरचा असतो. दुसरा बहर आपल्या गॅलरीत, आपल्या हवेवर यावा लागतो. तो थोडाच येतो आणि होळीनंतर जवळजवळ येतच नाही.

आमचा स्वतःचा अनुभव सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही ऑक्टोबरच्या आरंभी २४ रोपे घेतली. विकणाऱ्याने ‘बारमाही आहेत’ असे छातीठोकपणे सांगितले आणि आम्हीही विश्वास ठेवला. आठवड्यात दोन मोठ्या सरी पडल्या आणि ७ रोपे मुळाशी कुजली. उरलेल्यांना आम्ही टँकरचे पाणी घातले. पंधरा दिवसांत पानांच्या कडा करपल्या. साऱ्या हंगामात मिळून दोन किलोही फळ हाती आले नाही. शेतातले चांगले रोप एकटेच अर्ध्या किलोच्या घरात फळ देते. एप्रिलमध्ये एकही रोप जिवंत नव्हते.

आमचे नुकसान तेवढ्यावर भागले. आमच्या ओळखीच्या एका वेल्डर बंधूंचे मात्र नाव गेले. त्यांनी त्याच वर्षी पाईपाचे सहा उभे स्टँड रोपांसह एका सोसायटीत विकले होते. उन्हाळ्यात सहाही वाळले. गिऱ्हाइकांनी ‘फसवले’ म्हणून दारात येऊन बोल लावला. स्टँड मजबूत होते, वेल्डिंगमध्ये खोट नव्हती. पण रोप चार महिन्यांचे आहे हे त्यांनी सांगितले नव्हते, कारण त्यांनाच ते ठाऊक नव्हते. दोघांचे पैसे त्यांनी परत केले. त्या सोसायटीत ग्रीलचे मोठे काम निघणार होते, ते दुसऱ्याला गेले.

लागण दिवाळीनंतर

आपल्या भागात लागणीची योग्य वेळ नोव्हेंबरचा मध्य ही आहे. पाऊस पूर्ण गेलेला असावा, पहाटे थोडा गारवा जाणवू लागलेला असावा. फूल उमलल्यापासून फळ पिकायला साधारण महिना लागतो. म्हणजे डिसेंबर अखेरपासून मार्चच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत काय ते फळ. हेच तोंडाने सांगावे आणि चिठ्ठीवर लिहूनही द्यावे: ‘हे रोप हिवाळ्यापुरते आहे.’ झेंडू किंवा शेवंती हंगामापुरती असते, हे गिऱ्हाईक आनंदाने मानतेच. स्ट्रॉबेरीबाबत मानणार नाही असे थोडेच आहे?

जात विचारून घ्यावी. स्वीट चार्ली आणि विंटर डॉन या जाती अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाने काढलेल्या, म्हणजे सौम्य हिवाळ्याच्या प्रदेशातल्या. त्यामुळे किनाऱ्यावर आमची पहिली पसंती त्यांना. बियांच्या पाकिटांच्या फंदात मात्र कोणी पडू नये. फळातील बीपासून आलेले रोप मूळ जातीसारखे निघत नाही आणि फळावर यायला महिनोन्‌महिने घेते. मोबाईलवर निळ्या स्ट्रॉबेरीच्या बियांची जाहिरात येते, ती तर शुद्ध फसवणूक आहे. निळी स्ट्रॉबेरी नावाची वस्तूच नाही.

लावताना एक गोष्ट सांभाळावी. रोपाच्या मध्यभागी जो जाडसर गड्डा असतो, ज्यातून नवे पान फुटते, तो बरोबर मातीच्या पातळीवर राहिला पाहिजे. तो गाडला गेला तर कुजतो आणि उघडा पडला तर मुळे सुकतात. निम्मी रोपे याच एका चुकीने जातात. रनर दिसताच कापावेत. फळ मातीला टेकू नये म्हणून खाली भाताचा पेंढा घालावा. बंद गॅलरीत मधमाशी येत नाही. तेथे मऊ ब्रशाने फुलाच्या मधल्या भागावरून हलके फिरवावे, नाहीतर फळ वेडेवाकडे होते. पानाच्या मागे बारीक लाल कोळी दिसला तर पाण्याची जोरदार फवारणी पानाखालून करावी. आणि कबुतरे! त्यांच्यासाठी जाळी लावण्यावाचून दुसरा उपाय आम्हांस सापडलेला नाही.

पाणी

पिकांमध्ये मिठाला सर्वांत लवकर हार मानणाऱ्यांत स्ट्रॉबेरीची गणना होते. शास्त्रज्ञ पाण्यातील क्षार विजेच्या वहनावरून मोजतात. त्यांच्या मापाने ०.७ डेसीसीमेन प्रति मीटरपर्यंतचे पाणी या पिकाला चालते. त्यापुढे उत्पन्न झपाट्याने घसरते. व्यवहारात सांगायचे तर पाणी शुद्धीकरण यंत्र दुरुस्त करणाऱ्यांकडे जो टीडीएस मीटर असतो, त्यावर आकडा ४५० च्या आत हवा. आमच्या टँकरच्या पाण्याचा आकडा त्याच्या दुपटीहून जास्त निघाला, तेव्हा करपलेल्या कडांचा अर्थ आम्हांस कळला. आपल्याकडे नळाला येणारे स्टेम आणि एमआयडीसीचे पाणी या कामाला उत्तम आहे. अडचण ते कमी पडते आणि सोसायट्या बोअरिंगचे वा टँकरचे पाणी मिसळतात तेव्हा येते. खाडीलगतच्या बोअरिंगचे पाणी स्ट्रॉबेरीला घालूच नये.

घराघरांत आणखी एक चूक होते. आरओ यंत्रातून जे पाणी वाया जाते, ते काटकसर म्हणून भगिनी कुंड्यांना घालतात. त्या पाण्यात तर सारे क्षार एकवटलेले असतात. लादी पुसायला ते वापरावे, स्ट्रॉबेरीला नाही. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, हाही बहुधा खारट असतो. विटेच्या आकाराचा गठ्ठा भिजवून, फुगवून, पिळून, असे दोन-तीन वेळा गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय तो वापरू नये. रोप विकणाऱ्याने धुतलेले कोकोपीट, गांडूळखत आणि थोडी माती मिसळून तयार पिशवी विकली, तर ते एक स्वतंत्र विक्रीचे साधन होईल. बकरीच्या लेंड्यांचे खत आपल्या वस्तीत मुबलक मिळते आणि ते चांगलेही आहे. मात्र पूर्ण कुजलेले, निदान चार-सहा महिन्यांचे हवे. ताज्या लेंड्या मुळे जाळतात.

कुंडी मातीचीच बरी. भाजलेल्या मातीच्या अंगातून ओल सुटत राहते आणि मुळांना गारवा मिळतो. दुपारच्या उन्हात प्लास्टिकची काळी कुंडी तापते, तेव्हा हा फरक हाताला जाणवतो. धारावीच्या कुंभारवाड्यात अशा कुंड्या घाऊक मिळतात. ८ ते १० इंचांच्या कुंडीत एक रोप, १२ इंचांच्या पसरट कुंडीत तीन. कुंडीच्या बाहेरून पांढरी बुरशीसारखी पूड दिसू लागली तर ती बुरशी नव्हे, मीठ आहे. एकदा भरपूर पाणी ओतून खालच्या भोकातून निथळू द्यावे.

ज्यांच्याकडे जमीन आहे, म्हणजे उत्तन, डोंगरी, राई, मुर्धे या गावांकडे, त्यांनी गादीवाफा करावा. एक फूट उंच, त्यावर एक-एक फुटावर दोन ओळी. तेथील भाजीवाल्यांना वाफे शिकवण्याची आमची योग्यता नाही.

पाईपाचा स्टँड

आता कारागीर बंधूंसाठी. उभ्या स्टँडला मागणी आहे, कारण आपल्या फ्लॅटमध्ये आडवी जागाच नाही. बाजारात बहुतेक जण ४ इंची पीव्हीसी पाईप वापरतात, कारण तो स्वस्त पडतो. हा चुकीचा हिशेब आहे. ५ फुटांच्या ४ इंची पाईपात जेमतेम १३ लिटर मिश्रण बसते. १२ भोके पाडली तर रोपाला एक लिटर आले. आपल्या उन्हात ते दुपारपर्यंत सुकते. ६ इंची पाईपात त्याच उंचीला २७ लिटरच्या आसपास बसते, म्हणजे रोपामागे दोन लिटरहून अधिक. २० फुटी पाईपाचे असे ४ नग निघतात.

भोके एकाखाली एक नकोत. तीन बाजूंना, वर-खाली सरकवून, एका ओळीत २० ते २५ सेंटिमीटर अंतर ठेवून पाडावीत. होल-सॉने दोन इंचांचे भोक पाडून, हीट गनने कड मऊ करून बाटलीने बाहेर दाबली की छोटा खिसा तयार होतो. माती सांडत नाही. मधोमध अर्ध्या इंचाची नळी उभी घालावी. तिला वरच्या भागात जास्त आणि खालच्या भागात कमी बारीक छिद्रे पाडावीत. असे केले नाही तर पाणी थेट तळाला जाते. वरची रोपे वाळतात, खालची कुजतात. बूड फिरते ठेवता आले तर फारच उत्तम: दर आठवड्याला पाव फेरा दिला की सर्व बाजूंना ऊन मिळते. ऊन निदान सहा तास हवे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, म्हणून दक्षिणेची गॅलरी सर्वांत चांगली. उत्तरेची गॅलरी असणाऱ्याला स्टँड विकूच नये, त्याने आग्रह केला तरी.

पाईप कोणता घ्यावा यावरही बोलले पाहिजे, कारण यातून खाण्याची वस्तू निघणार आहे. पीव्हीसी पाईप बनवताना पूर्वी सर्रास शिशाचे संयुग वापरत. ते बंद करण्यासाठी केंद्र सरकारने २०२१ साली नियम केले. तेव्हा भंगारातला जुना ड्रेनेजचा पाईप स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नये. पिण्याच्या पाण्यासाठीचा, मानक चिन्हाचा नवा पाईप घ्यावा. निळ्या ड्रमांचे तसेच. भंगारवाल्यांकडे येणाऱ्या ड्रमांत आधी रसायन होते की खाद्यपदार्थ, हे लेबलावरून समजत नसेल तर तो ड्रम रोपांच्या धंद्यात आणू नये. ‘धुऊन घेतला आहे’ हे उत्तर येथे पुरत नाही.

स्टँडचे लोखंड आपल्या खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत गंजते. भाईंदर पूर्वेला स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत आणि त्यांच्याकडून पत्र्याची कात्रणे व पट्ट्या मिळू शकतात. कारागिराने प्रतवारी विचारून घ्यावी. २०२ प्रतीचे स्टील स्वस्त असते, पण समुद्राच्या हवेत त्यावर डाग पडतात. ३०४ महाग पडते आणि टिकते. दोन्ही ठेवून दोन भाव सांगितले तर गिऱ्हाईक स्वतः निवडते.

वजन

ओले कोकोपीट मिश्रण भरलेला ६ इंची स्टँड ३० किलोच्या आसपास जातो. नुसती माती भरली तर ४५ च्या पुढे. असा स्टँड खिडकीबाहेरच्या ग्रीलमध्ये कधीही उभा करू नये. ती ग्रील कपडे वाळत घालण्यासाठी आहे. खाली माणसे चालतात. गच्चीवर वाफा करणाऱ्यांचे गणित आणखी गंभीर आहे. इमारतींच्या भारतीय मानकात वापरातल्या सपाट गच्चीसाठी चौरस मीटरला सुमारे १५० किलो भार धरलेला असतो. एक फूट जाडीचा ओल्या मातीचा वाफा चौरस मीटरला साडेचारशे किलोंच्या वर जातो. स्ट्रॉबेरीची मुळे उथळ असतात, सहा इंच हलके मिश्रण तिला पुरते. तरीही ते सव्वाशे किलोंच्या पुढे भरते. म्हणून गच्चीवर वाफा नकोच, भिंतींच्या आणि तुळयांच्या रेषेवर कुंड्या ठेवाव्यात, आणि तेही सोसायटीची लेखी परवानगी घेऊन. आपल्याकडील जुन्या इमारतींच्या गच्च्या आधीच गळतात. गळतीचे खापर कुणाच्या कुंडीवर फुटेल, हे सांगायला नको.

गेल्या हंगामात आमच्या त्या वेल्डर बंधूंनी पुन्हा धंदा केला. या वेळी पाईपावर कागद चिकटवला: नोव्हेंबर ते मार्च स्ट्रॉबेरी, पुढे पालक, पावसाळ्यात पुदिना, टँकरचे पाणी घालू नये, ग्रीलमध्ये ठेवू नये. दोन-चार गिऱ्हाइके हे वाचून परत गेली. उरलेल्यांपैकी काही जण मार्चअखेरीस त्यांच्याकडे पुदिन्याची रोपे आणि नवे मिश्रण मागायला आले, म्हणजे एकाच पाईपावर दुसऱ्यांदा विक्री झाली. त्यांचा खरा नफा तेथेच आहे, असे त्यांचे म्हणणे.

फळविक्रेत्या बंधूंसाठी जाता जाता एक गोष्ट. २०२५ साली रमजान मार्चमध्ये होता. तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणजे पुढील काही वर्षे तो नेमका स्ट्रॉबेरीच्या भर हंगामात येत राहील. इफ्तारीच्या ताटासाठी नयानगरच्या बाजारात या फळाला तेव्हा उठाव असेल. हा माल एका दिवसात मऊ पडतो. दुपारी चारनंतर विकायचा माल सकाळपासून उन्हात मांडू नये, आणि डब्याच्या तळाला दबलेली फळे वरच्या थरात लपवू नयेत. रोपांची मागणी नोंदवायची असेल तर ती गणपतीच्या आसपास नोंदवावी. दिवाळीत धावपळ करणाऱ्याच्या वाट्याला उरलेसुरले, रनर सुटलेले रोप येते.